ओळखीचे खेळ : नाव सांगण्याकडून नाव घेण्याकडे

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराचा पहिला दिवस आठवून पाहा. गावातील शाळेच्या सभागृहात सतरंजीवर चाळीस विद्यार्थी बसलेले असतात. दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांची भाषणे होतात आणि मग सूत्रसंचालक सांगतो, "आता प्रत्येकाने उठून आपली ओळख करून द्यावी." एकेक जण उठतो, नाव, गाव, वर्ग सांगतो आणि सुटल्यासारखा खाली बसतो. दहा मिनिटांत चाळीस नावे सांगून होतात, टाळ्या पडतात आणि ओळख झाली असे सगळे धरून चालतात. दुपारी जेवणाच्या पंगतीत मात्र हाका ऐकू येतात त्या अशा : "ए चष्मेवाल्या, ताट पुढे कर", "तो पेडण्याचा मुलगा कुठे गेला?", "त्या निळ्या कुडतीवालीला विचार." चाळीस नावे सांगितली गेली, पण त्यांतले एकही कोणाच्या तोंडी उरले नाही.

हे चित्र शिबिरापुरते मर्यादित नाही. शाळेचा नवा वर्ग, महाविद्यालयाचे पहिले सत्र, स्वयंसाहाय्य गटाची पहिली बैठक, शिक्षकांचे प्रशिक्षण, ज्येष्ठ नागरिकांची सहल, नाटकाच्या तालमीचा पहिला दिवस, अशा सर्व ठिकाणी हेच घडते. पहिल्या दिवशी ज्याचे नाव कोणाला कळत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी एखादी खूण चिकटते. आठवडाभरात त्या खुणेचे टोपणनाव होते आणि पुढे वर्षभर ते पुसले जात नाही. म्हणून ओळखीच्या खेळांकडे वेळ घालवण्याचे साधन म्हणून पाहणे योग्य नाही. एखाद्या समूहात कोणाला नावाने हाक मारली जाईल आणि कोण 'तो शेवटच्या बाकावरचा' राहील, हे बऱ्याच अंशी त्या पहिल्या अर्ध्या तासात ठरते.

मराठी भाषेने या बाबतीत एक नेमका भेद करून ठेवला आहे. 'नाव सांगणे' वेगळे आणि 'नाव घेणे' वेगळे. सांगतो तो स्वतःचे. घेतो ते दुसऱ्याचे. प्रचलित ओळख परेडीत सगळे आपापले नाव सांगतात, घेत कोणीच नाही. चांगला खेळ तोच, ज्यात प्रत्येकाला इतरांचे नाव घ्यावे लागते आणि आपले नाव इतरांच्या तोंडून ऐकायला मिळते.

नाव का विसरते?

नाव विसरणाऱ्या माणसाला आपण निष्काळजी ठरवतो. पण दोष पुष्कळदा पद्धतीचा असतो. मानसशास्त्रज्ञ माल्कम ब्रेनर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही लोकांना गोलात बसवून पाळीपाळीने शब्द वाचायला लावले आणि नंतर ते आठवायला सांगितले. आपली पाळी येण्याच्या लगेच आधी इतरांनी वाचलेले शब्द लोकांना सर्वांत कमी आठवले. कारण उघड आहे. आपली पाळी जवळ आली की मन शेजाऱ्याकडे राहत नाही. 'मी काय बोलू, आवाज कापणार तर नाही ना', यातच ते गुंतते. ओळख परेडीत नेमके हेच होते. आपल्या आधीच्या दोघा-तिघांची नावे कानावर पडतात, मनात मात्र उतरत नाहीत. दुर्दैव असे की, हेच दोघे-तिघे आपल्या शेजारी बसलेले असतात.

दुसरे कारण नावाच्या स्वभावात आहे. ब्रिटनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनोळखी चेहऱ्यांसोबत त्यांची नावे व व्यवसाय लोकांना शिकवले गेले. व्यवसाय सहज आठवले, नावे आठवेनात. आणि एकच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला असता अधिक आठवला, आडनाव म्हणून सांगितला असता विसरला गेला. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. 'हे गृहस्थ वैद्य आहेत' असे सांगितले की डोळ्यांपुढे काढे, चूर्णे, नाडीवर ठेवलेली बोटे असे काही ना काही उभे राहते आणि त्या चित्राला धरून माहिती टिकते. 'यांचे आडनाव वैद्य' एवढेच सांगितले तर तोच शब्द कोरडा राहतो. नावाचा माणसाच्या रूपाशी वा गुणाशी काही संबंध असतोच असे नाही. त्यामुळे त्याला धरून ठेवायला मनाजवळ खुंटी नसते.

तिसरे कारण संख्येचे. अल्पकालीन स्मृतीत एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मधील आपल्या गाजलेल्या लेखात सातच्या आसपासचा आकडा मांडला होता. पुढच्या संशोधकांनी तो आणखी खाली आणला. तेव्हा सलग चाळीस नावे ऐकवून ती लक्षात राहावीत, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

मग नाव टिकते कशाने? ते पुन्हा पुन्हा ऐकण्यापेक्षा स्वतःच्या मनातून ओढून बाहेर काढण्याने. टॉमस लँडॉअर आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी १९७८ साली नावांवरच प्रयोग करून दाखवले की, ऐकलेले नाव प्रथम लगेच, मग थोड्या अंतराने, मग आणखी मोठ्या अंतराने आठवण्याचा प्रयत्न केला तर ते अधिक पक्के होते. हेच तत्त्व ओळखीच्या खेळाला लावून पाहिले ते पीटर मॉरिस आणि कॅथरीन फ्रिट्झ या संशोधकांनी. त्यांचे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांच्या काही गटांना नावांच्या साखळीचा खेळ दिला आणि काहींना जोडीदाराची ओळख करून देण्याची रूढ पद्धत वापरायला सांगितली. साखळी खेळलेल्यांना एकमेकांची नावे कितीतरी अधिक आठवली आणि हा फरक काही महिन्यांनंतरही टिकून होता.

खेळांचा उगम

इंग्रजीत अशा खेळांना 'आइसब्रेकर' म्हणतात. थंड प्रदेशात गोठलेल्या पाण्यातून नावेला वाट करून देण्यासाठी बर्फ फोडावा लागतो, त्यावरून हा शब्द आला. आपल्या हवेत बर्फाचा प्रश्न नाही. आपल्याकडे असते ती भीड. आणि भीड फोडायची नसते, ती हळूहळू चेपायची असते. म्हणून या खेळांना 'भीड चेपणारे खेळ' म्हटले तर ते आपल्या स्वभावाला अधिक जुळेल.

आज प्रशिक्षण वर्गांतून खेळल्या जाणाऱ्या अनेक समूहखेळांचा धागा अमेरिकेतील शिकागो शहरापर्यंत जातो. तेथील हल हाऊस या सेवाकेंद्रात नेव्हा बॉइड या समाजसेविका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेळांतून समूहकार्याचे शिक्षण देत. त्यांच्या शिष्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे शहरातील स्थलांतरितांच्या वस्त्यांतील मुलांसाठी नाट्यखेळ रचले. मुलांची घरची भाषा वेगवेगळी होती. भाषेच्या आधाराशिवाय त्यांना एकत्र आणायचे होते. स्पोलिन यांचे या खेळांवरील पुस्तक १९६३ साली निघाले आणि ते जगभरच्या नाट्यशिक्षकांच्या हाती पोहोचले. ही पार्श्वभूमी आपल्यालाही जवळची आहे. गोव्यातील एखाद्या वर्गात आज कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड अशा भाषा घरी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यातली पहिली देवाणघेवाण नावाचीच असू शकते, कारण नावाला भाषांतर लागत नाही.

आपली परंपराही याबाबतीत रिकामी नाही. पतीचे नाव उच्चारू नये या संकेतातून वाट काढण्यासाठी स्त्रियांनी उखाणा घडवला. एक नाव, त्याभोवती दोन ओळींचे यमक आणि ऐकणाऱ्या सगळ्याजणींचे हसू असे त्याचे रूप. नाव लक्षात राहावे यासाठी त्याला यमकाची खुंटी द्यावी, ही युक्ती मंगळागौर आणि हळदीकुंकवाच्या मेळाव्यांनी कधीच आत्मसात केली होती. फक्त तेथे घेतले जाणारे नाव घरातल्या एका पुरुषाचे असे. तेच कौशल्य शेजारी बसलेल्या मैत्रिणीसाठी का वापरू नये, याचा विचार पुढे केला आहे.

सहा खेळ

*नावांची साखळी.* आठ ते दहा जणांनी गोलात बसावे. पहिल्याने आपले नाव सांगावे. दुसऱ्याने आधी पहिल्याचे नाव घेऊन मग आपले सांगावे. तिसऱ्याने पहिल्याचे, दुसऱ्याचे आणि मग आपले. अशी साखळी वाढत शेवटच्यापर्यंत जाते. पहिल्याला एकही नाव आठवावे लागलेले नसते. म्हणून साखळी पूर्ण झाली की उलट फेरी घ्यावी आणि शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत यावे. दहा जणांच्या गटात पहिल्या फेरीतच इतरांची नावे एकूण ४५ वेळा घेतली जातात. चाळीस जणांचा एकच गोल केला तर हा आकडा ७८० वर जातो आणि शेवटच्या बिचाऱ्याला ३९ नावे आठवावी लागतात. तो खेळ राहत नाही, परीक्षा होते. म्हणून मोठा समूह असेल तर चार लहान गोल करावेत आणि काही वेळाने त्यांतील माणसे अदलाबदल करून पुन्हा साखळी घ्यावी. एक नियम कटाक्षाने पाळावा. ज्याला नाव आठवत नाही त्याला हसायचे नाही आणि बादही करायचे नाही. ज्याचे नाव अडले त्याने स्वतःच ते सांगावे आणि अडलेल्याने ते एकदा उच्चारून पुढे जावे.

*चेंडू आणि हाक.* सर्वांनी गोलात उभे राहावे. कापडाचा वा मऊ रबराचा चेंडू घ्यावा. पहिल्या फेरीत चेंडू हाती आला की आपले नाव सांगावे. दुसऱ्या फेरीपासून ज्याच्याकडे चेंडू टाकायचा त्याच्याकडे पाहून आधी त्याचे नाव घ्यावे, मगच चेंडू टाकावा. झेलणाऱ्याने टाकणाऱ्याचे नाव घेऊन आभार मानावेत. खेळ रंगला की दुसरा चेंडू सोडावा. या खेळाची खरी किमया नजरेत आहे. चेंडू टाकायचा तर समोरच्याच्या डोळ्यांत पाहावेच लागते आणि त्या क्षणी नाव व चेहरा एकत्र बांधले जातात. ज्येष्ठांचा मेळावा असेल तर खुर्च्यांवर बसून चेंडू हातोहात सरकवला तरी चालतो.

*नाव आणि कृती.* प्रत्येकाने नाव सांगताना एक छोटी कृती करावी. कोणी टाळी वाजवावी, कोणी जाळे फेकल्याचा, कोणी भाकरी थापल्याचा, कोणी घुमटावर थाप मारल्याचा अभिनय करावा. लगेच सर्वांनी मिळून ते नाव त्या कृतीसह म्हणावे. लहान मुलांसाठी आणि वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांसाठी हा उत्तम खेळ आहे. नावाला नसलेली खुंटी येथे शरीर पुरवते. सगळे एकदम बोलत असल्यामुळे लाजऱ्या मुलाचा आवाजही इतरांत मिसळतो आणि त्याची भीड आपोआप कमी होते.

*बाराखडीची रांग.* कोणीही मोठ्याने न बोलता, फक्त शेजाऱ्याला हळूच नाव विचारत, 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत नावाच्या आद्याक्षरानुसार रांग लावावी. नंतर एका टोकापासून नावे म्हणून क्रम तपासावा. चुकीच्या जागी उभ्या असलेल्यांना इतरांनी योग्य जागी बोलवावे. ज्या समूहात सगळ्यांना अक्षरओळख नसेल तेथे रांगेऐवजी नकाशा करावा. मैदानाचे एक टोक पेडणे, दुसरे काणकोण, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री असे मानून प्रत्येकाने आपल्या गावाच्या जागी उभे राहावे आणि आजूबाजूच्या तिघांची नावे जाणून घ्यावीत. डिचोली आणि सत्तरीची माणसे जवळ येतात, मुरगावकरांना सासष्टीकर सापडतात. आणि राज्याबाहेरून आलेल्यांनी कुठे उभे राहायचे यावर बोलणेही आपोआप सुरू होते.

*अंतरपाट.* हा खेळ दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. समूहाचे दोन भाग करून मध्ये दोघांनी चादर धरावी. प्रत्येक बाजूने एकेक जण गुपचूप चादरीजवळ येऊन बसतो. तीन म्हणताच चादर खाली जाते आणि समोरच्याचे नाव जो आधी घेईल त्याच्या बाजूला दुसरा जाऊन मिळतो. लग्नातल्या अंतरपाटाची आठवण होऊन हशा पिकतो तो वेगळाच. कोणी गोंधळला तर त्याच्या बाजूच्यांनी नावाचे पहिले अक्षर सांगून मदत करावी.

*शेजारणीचा उखाणा.* महिला मंडळ, स्वयंसाहाय्य गट, अंगणवाडी सेविकांचे वर्ग येथे हा हमखास जमतो. पतीऐवजी उजव्या बाजूला बसलेल्या मैत्रिणीचे नाव उखाण्यात घ्यावे. उदाहरणार्थ,

खांडेपारचे पाणी धावे मांडवीच्या भेटी,
शेजारच्या सुनंदेचे नाव माझ्या ओठी.

यमक जुळले नाही तरी बिघडत नाही. न जुळलेल्या यमकाचेच नाव अधिक लक्षात राहते.

या शेवटच्या खेळाचे महत्त्व करमणुकीपलीकडचे आहे. आपल्या समाजात कितीतरी स्त्रियांची ओळख वर्षानुवर्षे 'अमक्याची आई', 'तमक्यांची सून' अशीच राहते. लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिण्याच्या प्रथेमुळे काहींचे माहेरचे नावही सासरी कोणी घेत नाही. म्हणून गटाच्या पहिल्या बैठकीत "तुमचे नाव काय?" यापेक्षा "तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?" हा प्रश्न अधिक योग्य. वह्या-पासबुकांवर कोणतेही नाव असो, बैठकीत तीच हाक चालावी. आपले नाव दहाजणींच्या तोंडून ऐकलेली स्त्री पुढच्या बैठकीत हिशेबाबद्दल शंका विचारण्याचे धैर्यही अधिक सहजपणे करते.

आडनाव विचारावे का?

ओळखीच्या खेळांत सर्वांत नाजूक प्रश्न आडनावाचा आहे. आपल्याकडे आडनाव ऐकताच ऐकणारा मनातल्या मनात गाव, धर्म, जात यांचे गणित मांडू लागतो. अनेकदा हे नकळत होते, पण होते हे खरे. नाव ऐकायचे राहून जाते आणि माणूस एका कप्प्यात जाऊन पडतो. म्हणून पहिल्या फेरीत फक्त स्वतःचे नाव घ्यावे, आडनाव नको, असा नियम करणे हिताचे ठरते. आयोजक, पाहुणे आणि शिक्षक यांनीही तो पाळावा. मुलांनी शिक्षकांना 'सर', 'बाई' वा 'टीचर' म्हणायचे ते म्हणावेच. परंतु खेळात त्यांचेही नाव मुलांना कळू द्यावे.

आडनावांना इतिहास नसतो असे नव्हे. गोव्यातील कित्येक आडनावे गावाची आठवण जपतात. मास्टर दीनानाथ यांनी मंगेशी या गावावरून घेतलेले मंगेशकर हे आडनाव त्यांच्या मुलांनी जगभर नेले. कुलदैवतांवरून ठेवलेली मंगेश, नागेश, दामोदर, शांता अशी नावेही येथे घरोघरी आढळतात. ओळख थोडी मुरल्यानंतर 'माझ्या नावाची गोष्ट' हा उपक्रम अवश्य घ्यावा. दोघांनी जोडीने बसावे. नाव कोणी ठेवले, का ठेवले, बारशाला आत्याने कानात कोणते नाव सांगितले होते, घरात लाडाने काय म्हणतात, हे एकमेकांना सांगावे. ज्यांच्या घरी बारसे नसते, तेथेही नावामागे आजोबा, संत, ऋतू किंवा एखादी आठवण असतेच. मात्र ही गोष्ट सांगणे ऐच्छिक असावे. कोणी नाव बदललेले असते, कोणाला नाव ठेवणारे माणूस आता नसते. "मला आवडते म्हणून हेच माझे नाव" एवढे उत्तरही पूर्ण मानावे.

उच्चाराबाबतही तेवढीच दक्षता हवी. नाव कसे उच्चारायचे, हे ज्याचे ते नाव त्यानेच ठरवायचे. रोमी लिपीत लिहिलेल्या येथील अनेक नावांत 'एक्स' हे अक्षर 'श' या उच्चारासाठी येते. हे ठाऊक नसलेला हजेरीपट वाचणारा वर्गात भलतेच नाव पुकारतो आणि मुलगा संकोचाने 'हजर' म्हणतो. पुढे तीच चूक त्याचे नाव होऊन बसते. हजेरीपटावरून वाचण्याआधी मुलांनाच एकदा नावे सांगू द्यावीत आणि उच्चार देवनागरीत टिपून ठेवावा. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण त्यामुळे वर्षभराचा संकोच टळतो.

काही पथ्ये

खेळ घेणाऱ्याने स्वतः गोलात बसावे. टेबलामागे उभे राहून इतरांना खेळवू नये. पहिला चुकण्याचा मान त्यानेच घेतला तर बाकीच्यांची अर्धी भीड तेथेच चेपते.

"स्वतःबद्दल काहीतरी गमतीदार सांगा" असा आग्रह धरू नये. अनोळखी माणसांपुढे चटकन विनोद सुचणे हे थोड्यांनाच जमते. बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो. त्याऐवजी सोपा, ठरावीक प्रश्न द्यावा : आवडता मासा किंवा भाजी, लहानपणी खेळलेला खेळ, घराजवळचे एखादे झाड. मात्र कोण काय खातो यावरून टोमणे सुरू होण्याची शक्यता वाटत असेल तेथे खाण्याचा प्रश्नच टाळावा.

नावाला विशेषण जोडण्याचा खेळ लोकप्रिय आहे : 'प्रेमळ प्रकाश', 'हसरी हर्षा' आणि असेच पुढे. मोठ्यांत तो चालतो. शाळेत मात्र जपून घ्यावा, कारण एखादे विशेषण वर्षभराचे चिडवणे होऊन बसते. विशेषण मुलाने स्वतः निवडावे, इतरांनी देऊ नये. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचेच अंतर आहे, हे विसरून चालणार नाही.

हात धरणे, खांद्यावर हात ठेवणे असे स्पर्शाचे खेळ पहिल्या दिवशी नकोत. पायांनी अधू असलेला सहभागी असेल तर सर्वांनीच बसून खेळावे. त्याच्यापुरता वेगळा नियम करू नये. दृष्टिहीन व्यक्ती असेल तर कृतीऐवजी आवाजाची खूण घ्यावी : टाळी, चुटकी, शीळ. बोलणाऱ्याने दर वेळी आपले नाव सांगून बोलण्यास आरंभ केला की तिला दिशा आणि माणूस दोन्ही कळतात. कर्णबधिर समाजात व्यक्तीला खुणांच्या भाषेत स्वतंत्र नाव देण्याची पद्धत आहे. तशी कोणी व्यक्ती गटात असेल तर तिच्याकडून तिचे खुणेचे नाव सर्वांनी शिकून घ्यावे. 'नाव आणि कृती' या खेळात मग तीच सर्वांची गुरू होते.

पहिल्या तासानंतर

एकदा खेळ झाला म्हणजे काम संपले असे नाही. लँडॉअर आणि ब्यॉर्क यांच्या प्रयोगाचा धडा हाच की, आठवण्याच्या संधी वाढत्या अंतराने यायला हव्यात. सकाळी साखळी घेतली असेल तर चहानंतर प्रत्येकाने आपल्या समोरच्या तिघांची नावे घ्यावीत. संध्याकाळी निरोपापूर्वी चेंडूची एक छोटी फेरी व्हावी. दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरावा. आठवड्याने, कामाच्या ओघात, "हे पत्रक सर्वांना नावाने हाक मारून वाटा" असे एखाद्याला सांगावे. एवढ्याने नावे पक्की होतात आणि वेगळा वेळही द्यावा लागत नाही.

वर्गशिक्षकांनी पहिल्या आठवड्यात बाकांचा एक साधा आराखडा वहीत काढून प्रत्येक जागी नाव लिहावे आणि शिकवताना "तू सांग" असे न म्हणता नाव घेऊन प्रश्न विचारावा. पुढच्या बाकांवरची चुणचुणीत मुले नावाने ओळखली जातात आणि मागची नुसत्या बोटाने, असा भेद अनेक वर्गांत कोणी न ठरवता होत राहतो. आपल्याला किती नावे येतात हे शिक्षकाने वही मिटून एकदा स्वतःशीच मोजून पाहावे. जी आठवली नाहीत ती मुले कोणती, कुठे बसतात आणि शेवटचे कधी बोलली, हे त्यातून लगेच लक्षात येते.

शिबिर असो वा वर्ग, ओळखीचा खेळ जमला की नाही हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. पहिल्या दिवशी मुलगी घरी परतते, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात येते आणि आई विचारते, "आज कोण कोण भेटले?" त्या वेळी तिला निदान पाच जणांची नावे सांगता आली पाहिजेत. आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या कोणत्या तरी गावात, दुसऱ्या कोणाच्या तरी घरात, तिचेही नाव कोणीतरी घेतलेले असले पाहिजे.